दुखणे स्नायूंचे की नसेचे : पाठ आणि मानेच्या दुखण्याची लक्षणांवरून ओळख

सांजवेळ (धागाकर्ती)

पाठ किंवा मान दुखू लागली की ‘शीर दबली असेल’ हे निदान बहुतेक घरांत डॉक्टरांच्या आधीच होऊन गेलेले असते. प्रत्यक्षात पाठदुखीच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये नसेचा काही संबंध नसतो. स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमधले छोटे सांधे किंवा गादी यांतून ते दुखणे उद्भवते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. याउलट जिथे नस खरोखर दाबली गेलेली असते, तिथे कित्येकदा पाठ फारशी दुखतच नाही, त्यामुळे रुग्ण पोटरीचे किंवा खांद्याचे दुखणे समजून भलत्याच जागी उपचार करत राहतो. फिजिओथेरपीच्या कामात हे दोन्ही गोंधळ मी सतत पाहते, म्हणून हा धागा काढत आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. मात्र त्यांना नेमके काय सांगायचे आणि कोणत्या लक्षणांवर एक दिवसही थांबायचे नाही, हे रुग्णाला स्वतःला ठाऊक असायला हवे.

दुखणे किती आहे यावरून नस ओळखता येत नाही. ते कुठवर जाते आणि त्याच्या जोडीला आणखी काय आहे, यावरून ती ओळखता येते. उसण भरलेल्या माणसाला अंथरुणात कूसही बदलता येत नाही इतके दुखू शकते, तरी त्याची नस सुरक्षित असते. आणि पायाच्या अंगठ्याची ताकद निम्मी झालेला माणूस ‘थोडे बधिर वाटते’ एवढेच म्हणत चालत आलेला असतो.

मज्जारज्जूतून नसांच्या एकतीस जोड्या निघतात. त्यांतील जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला त्वचेचा एक पट्टा आणि काही ठरावीक स्नायू आलेले असतात. नसेचे मूळ मणक्याजवळ दाबले गेले तरी मेंदूला ते दुखणे त्या पट्ट्यातून आल्यासारखे भासते. १७६४ साली इटलीतील दोमेनिको कोतुन्यो यांनी पायात उतरणारे नसेचे दुखणे खुब्याच्या सांध्याच्या दुखण्यापासून वेगळे काढून दाखवले होते, परंतु बाहेर आलेली गादी हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, ही गोष्ट १९३४ साली विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानंतरच सर्वत्र मान्य झाली.

‘कुठे दुखते ते दाखवा’ असे म्हटल्यावर रुग्णाचा हात काय करतो, याकडे माझे लक्ष असते. स्नायूंचे दुखणे असलेला माणूस पूर्ण तळहात कमरेवर किंवा कुल्ल्यावर फिरवतो आणि ‘इथे सगळीकडे’ असे सांगतो. नसेचे दुखणे असलेला माणूस एका बोटाने कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून, थेट पावलापर्यंत रेघ ओढून दाखवतो. ते दुखणे वर जाडजूड आणि खाली पुसट असे नसते. पुष्कळदा खालच्या भागातच ते अधिक तीव्र असते. ते चमकेसारखे, विजेचा झटका बसल्यासारखे किंवा जळजळणारे असते आणि त्याच पट्ट्यात मुंग्या किंवा बधिरपणा असतो.

येथे एक सावधगिरी हवी. दुखणे पायात किंवा हातात उतरले म्हणजे नस दबली, असे होत नाही. ब्रिटिश संशोधक जोनास केलग्रेन यांनी १९३८-३९ च्या सुमारास निरोगी स्वयंसेवकांच्या स्नायूंत आणि मणक्यांमधील अस्थिबंधांत खारे द्रावण टोचून दाखवले की नसेला मुळीच धक्का न लावताही दुखणे दूरवर जाणवू शकते. असे परावर्तित दुखणे खोल, बोथट आणि सीमा न सांगता येणारे असते, बहुधा गुडघ्याच्या वरच थांबते, आणि त्यात बधिरपणा किंवा ताकद जाणे नसते.

कमरेच्या गादीचे बहुसंख्य त्रास शेवटच्या दोन जागांत होतात (एल म्हणजे कमरेचे मणके व नसा, एस म्हणजे त्यांच्या खालच्या). एल४-एल५ या जागेतील गादी बाहेर आली तर सहसा एल५ चे मूळ सापडते: दुखणे मांडीच्या व नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे येते, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते आणि टाचांवर चालणे जमत नाही. एल५-एस१ मधील गादी एस१ चे मूळ दाबते: दुखणे पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला व करंगळीकडे जाते, एका पायाच्या चवड्यावर वारंवार उंचावणे कठीण होते आणि घोट्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणे) मंदावतो. एल४ चे मूळ दाबले गेल्यास दुखणे मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूस येते आणि जिना चढताना गुडघा दगा देतो.

मानेत (तेथील नसांना सी म्हणतात) सर्वाधिक वेळा सी७ आणि त्याखालोखाल सी६ ही मुळे सापडतात. सी६ चा त्रास अंगठा व तर्जनीकडे जातो, सी७ चा मधल्या बोटाकडे. सी७ मध्ये कोपर सरळ करून ढकलण्याची ताकद, म्हणजे जड दार लोटताना लागते ती, कमी होते. सी८ चा त्रास करंगळी व अनामिकेत जातो आणि पकड ढिली पडते. सी५ दाबले गेल्यास दुखणे खांद्यावरच थांबते आणि हात बाजूने वर उचलणे जड जाते, म्हणून ते खांद्याच्या सांध्याचे समजले जाण्याचा संभव मोठा असतो. हे पट्टे प्रत्येकात थोडे इकडेतिकडे असतात, तेव्हा बोटांवरून छातीठोक निदान करू नये.

दुखणे कशाने वाढते, हेही बोलके असते. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर लावणे यांनी चमक थेट पोटरीपर्यंत गेली, तर गादी आणि नस यांचा संशय बळावतो. केवळ कंबर दुखली, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. मानेत, डोके मागे करून दुखऱ्या बाजूला वळवल्यावर कळ हातात उतरते. १९४४ साली स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी वर्णन केलेली तपासणी याच तत्त्वावर आहे, मात्र ती घरी मानेवर दाब देऊन कोणीही करू नये. काही रुग्ण मात्र आपला हात डोक्यावर ठेवून बसलेले दिसतात, कारण तसे केल्याने मुळावरचा ताण हलका होतो. असा माणूस दिसला की पुढची चौकशी मी मानेपासून सुरू करते.

---

वाटसरू

लेख फार उपयोगी आहे. माझी अडचण अशी आहे की मान दुखते आणि रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत मुंग्या येऊन जागही येते. वरील वर्णनावरून हे सी६ किंवा सी७ वाटते, परंतु एका परिचितांनी हे मनगटातील नसेचे असू शकते असे सांगितले. लक्षणांवरून हा फरक करता येतो का?

---

सांजवेळ (धागाकर्ती)

वाटसरू, बऱ्याच अंशी करता येतो. मनगटातील नस दबल्यावर, म्हणजे कार्पल टनेलच्या त्रासात, मुंग्या रात्री किंवा फोन, पुस्तक, गाडीचे हँडल धरल्यावर वाढतात आणि हात झटकल्यावर बरे वाटते. मानेतून येणारा त्रास हात झटकून जात नाही. तो मानेच्या हालचालीबरोबर बदलतो आणि त्याची सुरुवात बहुधा खांद्याच्या फऱ्याजवळील दुखण्याने होते.

आणखी एक बारीक खूण सांगते. कापसाच्या बोळ्याने अनामिकेच्या दोन्ही कडांना हलका स्पर्श करून पाहा. मनगटातील नस अनामिकेच्या केवळ मधल्या बोटाकडील अर्ध्या भागाला संवेदना देते, त्यामुळे एकाच बोटाची एक कड बधिर आणि दुसरी नेहमीसारखी लागली, तर दोष मानेत असण्यापेक्षा मनगटात असण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. शिवाय, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावरील त्वचेची नस मनगटातील बोगद्याच्या बाहेरून जाते, म्हणून कार्पल टनेलमध्ये बोटे बधिर झाली तरी तळहाताचा तो भाग सहसा शाबूत राहतो.

करंगळी आणि अनामिकेच्या मुंग्यांबाबतही अशीच गल्लत होते. या बोटांची नस कोपरापाशी दबली असेल तर कोपर बराच वेळ दुमडून ठेवल्यावर त्रास वाढतो. मान आणि मनगट दोन्हीकडे एकाच वेळी त्रास असणेही अशक्य नाही, आणि तिथे नसांची विद्युत तपासणी कामी येते. त्रास नव्याने सुरू झाला असेल तर मुळावरील दाबाचे बदल त्यातील स्नायूंच्या तपासणीत दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून ती फार लवकर करून ‘सर्व ठीक’ असा अहवाल आला तरी त्यावर पूर्ण विसंबू नये.

---

अक्षरवेल

मला एक मूलभूत शंका आहे. इतकी लक्षणे ताडत बसण्यापेक्षा प्रत्येकाने सरळ एमआरआय करून घेतला तर प्रश्न लगेच सुटणार नाही का? माझ्या अहवालात दोन ठिकाणी गादी फुगल्याचे लिहिले होते, त्यामुळे निदान कारण तरी कळले.

---

सांजवेळ (धागाकर्ती)

अक्षरवेल, या मुद्द्यावर मी तुमच्याशी असहमत आहे. ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा लोकांच्या चित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ३३ अभ्यासांतील ३,११० व्यक्तींचा समावेश होता. फुगलेली गादी विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतील सुमारे ८४ टक्के लोकांत आढळली. हे सगळे लोक न दुखता हिंडत-फिरत होते. तेव्हा अहवालातील ‘गादी फुगली आहे’ हे वाक्य स्वतःहून दुखण्याचे कारण ठरत नाही.

ते कारण ठरते केव्हा, तर चित्रातील जागा आणि शरीरावरील पट्टा यांचा मेळ बसतो तेव्हा. उजव्या पायाच्या करंगळीकडे दुखणे जाते, चवड्यावर उंचावता येत नाही आणि चित्रात एल५-एस१ ची गादी उजवीकडे बाहेर आलेली दिसते, तर कोडे सुटले. दुखणे उजवीकडे आणि गादी डावीकडे, असे असेल तर ते चित्र दुसऱ्याच एका जुन्या गोष्टीचे आहे. म्हणूनच लक्षणे आधी आणि एमआरआय नंतर, असा क्रम हवा. ताकद कमी होत असेल, धोक्याची लक्षणे असतील किंवा सहा आठवड्यांनंतरही दुखणे हटत नसेल, तर एमआरआय अवश्य करावा; त्याला माझा मुळीच विरोध नाही. तुमच्या बाबतीत दुखणे नेमके कुठवर जाते आणि त्यात बधिरपणा आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय त्या दोन गाद्यांवर दोष ठेवता येणार नाही.

---

अक्षरवेल

आपले म्हणणे पटले. माझे दुखणे कमरेतच आहे, कुल्ल्याच्या खाली उतरत नाही आणि बधिरपणाही नाही. अहवालातील शब्द वाचून मी वाकणे आणि वजन उचलणे जवळजवळ बंद केले होते, त्याबद्दल आता डॉक्टरांशी पुन्हा बोलेन.

---

पानगळ

वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. बसलेले असताना त्यांना काहीच होत नाही. चालू लागले की थोड्या अंतरावर दोन्ही पाय भरून येतात, जड होतात आणि थांबावे लागते. पायांतील रक्तपुरवठ्याचा दोष असेल असे आम्ही धरून चाललो आहोत. हे मणक्याचेही असू शकते का?

---

सांजवेळ (धागाकर्ती)

पानगळ, असू शकते, आणि या वयात हा प्रश्न अवश्य विचारावा असाच आहे. वयाबरोबर मणक्यातील पोकळी अरुंद झाली की उभे राहिल्यावर ती आणखी आवळते आणि पुढे वाकल्यावर सैल होते. म्हणून वडील थांबल्यावर काय करतात, ते पाहा. रक्तपुरवठ्याचा दोष असेल तर नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत पोटऱ्या मोकळ्या होतात. मणक्याचा दोष असेल तर उभे राहून भागत नाही, बसावे लागते किंवा कठड्यावर ओणवावे लागते. असे लोक ढकलगाडीवर झुकून बरेच अंतर चालतात, सायकलही चालवू शकतात, पण ताठ उभे राहून रांगेत थांबणे त्यांना असह्य होते. चढापेक्षा उतार जड जातो, कारण उतरताना पाठ मागे कलते.

या त्रासात, गादी सरकल्याच्या उलट, बसल्यावर आराम पडतो आणि झोपवून पाय उचलण्याच्या तपासणीत बहुधा काही सापडत नाही. दोन्ही दोष एकाच माणसात असू शकतात, तेव्हा पावलांवरील नाडीची तपासणीही करून घ्या. मधुमेह असेल तर तेही सांगा. त्यात दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारखा बधिरपणा येतो आणि तो चालण्या-बसण्याने फारसा बदलत नाही.

---

शांतजल

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. धाग्यातील मांडणी योग्य आहे, मात्र दोन गोष्टी यात ठळकपणे यायला हव्यात.

पहिली गोष्ट कमरेखालच्या नसांच्या जुडग्याची. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा झुबका उतरतो. मोठी गादी तुटून मध्यभागी आली तर हा सगळा झुबका एकदम दाबला जातो. लघवी अडकणे, लघवीची जाणीवच न होणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, गुप्तांग, गुदद्वार आणि मांड्यांची आतली बाजू येथे बधिरपणा येणे, लैंगिक संवेदना हरवणे, दोन्ही पायांत एकाच वेळी कळा किंवा अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही नव्याने जाणवले तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. शौचानंतर पुसताना किंवा धुताना स्पर्श नेहमीसारखा जाणवत नाही, अशी पहिली तक्रार रुग्ण संकोचाने दडवून ठेवतात. कृपया तो संकोच करू नये. येथे गेलेले तास परत मिळत नाहीत, आणि लघवीवरील ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट मानेतील. मूळ दबण्याऐवजी स्वतः मज्जारज्जूच दबला, तर दुखणे कमी किंवा मुळीच नसते. शर्टाचे बटण लावताना बोटे चाचपडतात, अक्षर बिघडते, हातातून वस्तू निसटतात, अंधारात चालताना तोल जातो, पाय ताठरतात. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून खाली विजेसारखी शिरशिरी गेली, तर तीही महत्त्वाची खूण आहे. हे बदल इतके हळूहळू होतात की लोक त्यांना वयाच्या खात्यावर टाकतात.

याशिवाय ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री आडवे पडल्यावरही न थांबणारे दुखणे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स किंवा पडल्या-आपटल्याचा इतिहास असेल, तर प्रश्न नसेपुरता राहत नाही. जंतुसंसर्ग, मणक्याचा क्षयरोग, गाठ किंवा अस्थिभंग यांचा विचार करावा लागतो. डाव्या हातातील दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर मानेचा विचार करत बसू नये, हृदयाची तपासणी आधी.

---

पाऊलखूण

मी एक वेगळाच अनुभव मांडते. आईला पाठीच्या मधल्या भागातून एका बाजूने छातीकडे येणारी, जळजळणारी वेदना होती, कपड्याचा स्पर्शही सहन होत नव्हता. आम्ही तो मणका समजत होतो. काही दिवसांनी त्याच पट्ट्यात फोड उठले, आणि ती नागीण निघाली.

---

सांजवेळ (धागाकर्ती)

ही आठवण येथे आली हे फार चांगले झाले. नागीणही नसेचेच दुखणे आहे, आणि पट्ट्याचा नियम ती तंतोतंत पाळते; फोड मात्र मागाहून येतात. पाठीच्या मधल्या भागात गादीचा त्रास तुलनेने विरळ असल्यामुळे तिथे एका बाजूने पट्टा जळत असेल तर त्वचेवर रोज नजर ठेवावी. विषाणूविरोधी औषधे फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केली तर त्यांचा सर्वाधिक लाभ होतो.

---

दूरगामी

घरातील एकाचा प्रश्न विचारतो. गेल्या महिन्यात मोठ्या भावाला कमरेतून उजव्या पायात असह्य कळा येत होत्या. आता दुखणे जवळजवळ गेले आहे, त्यामुळे तो खूश आहे आणि पुढे दाखवायला तयार नाही. मात्र चालताना उजव्या पायातील चप्पल निसटते आणि पाऊल फरशीवर आपटल्याचा आवाज येतो. हे बरे होण्याच्या वाटेवरचेच आहे, असे समजावे का?

---

सांजवेळ (धागाकर्ती)

दूरगामी, तसे समजू नका. दुखणे कमी होणे दोन प्रकारचे असते. पायातील कळ आधी पावलातून, मग पोटरीतून, मग मांडीतून मागे सरकत कमरेपुरती उरली आणि ताकद शाबूत राहिली, तर ते उत्तम लक्षण असते, मग कंबर त्या काळात थोडी अधिक दुखली तरी हरकत नाही. बहुतेकांची सायटिका, म्हणजे पायात उतरणारे नसेचे दुखणे, सहा ते बारा आठवड्यांत अशीच निवळते, कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते. परंतु कळ थांबली आणि त्याच सुमारास पाऊल लुळे पडू लागले, तर नसेचे काम बंद पडत चालल्याची शक्यता धरावी लागते. तुम्ही वर्णन केलेला आवाज पावलाचा पुढचा भाग उचलून धरता येत नसल्याचा आहे.

त्याला आधाराजवळ उभे करून टाचांवर काही पावले चालायला सांगा, आणि दोन्ही पायांचे अंगठे तुमच्या बोटाच्या दाबाविरुद्ध वर ओढायला सांगा. उजवा अंगठा सहज खाली दबला, तर आजच मणक्याच्या किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना गाठा.

---

दूरगामी

करून पाहिले. टाचेवर उजवे पाऊल उचललेच जात नाही आणि अंगठा एका बोटाने खाली दबतो. लघवी-शौचाची तक्रार नाही, हे मुद्दाम विचारून घेतले. तो आता यायला तयार झाला आहे, आम्ही तासाभरात निघत आहोत.

---

सांजवेळ (धागाकर्ती)

योग्य केलेत. कळा कधी सुरू झाल्या, कधी थांबल्या आणि चप्पल निसटणे प्रथम कोणत्या दिवशी लक्षात आले, हे तारखांसह लिहून न्या. अशक्तपणा किती दिवसांचा आहे आणि तो वाढतो आहे का, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. तो मांडीवर मांडी घालून तासन्‌तास बसत असेल, तर तेही सांगा, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस दबलेल्या नसेनेही पाऊल असेच लुळे पडते. डॉक्टर पाऊल आतल्या बाजूला वळवायला लावून ताकद पाहतील. ती हालचालही कमजोर असेल तर दोष कमरेतील मुळाकडे बोट दाखवतो, आणि ती भक्कम असेल तर गुडघ्यापाशी शोधावा लागतो. एमआरआय पूर्वी झालेला असेल तर अहवालाबरोबर चित्रेही न्या. जाताना जिन्यावर त्याच्या सोबत राहा आणि मागून पट्टा असलेली पादत्राणे घालायला द्या, कारण पंजा उचलला जात नसताना पायरीच्या कडेला अडकून पडण्याचा धोका मोठा असतो.